परक्या शहरात मुखवट्यांचा मेटल शो बघायचाय? आधी हे वाचा

पहिल्या वेळी मी स्टेशनवरून थेट हॉलच्या रांगेत जाऊन उभी राहिले, हातात चाकांची बॅग. पाऊण तासाने नंबर लागला तेव्हा दारावरच्या माणसाने बॅगेकडे बघून नुसती मान हलवली. क्लोकरूम होती, पण ती कोट आणि छत्र्यांपुरती. मग परत स्टेशन, लॉकर, लॉकरला लागणारी नाणी, त्या नाण्यांसाठी आणखी एक रांग. धापा टाकत हॉलमध्ये शिरले तोवर पडदा पडला होता. एरवी पडदा पडला म्हणजे नाटक संपलं; मुखवटे, आग आणि नेपथ्य घेऊन मेटल (रॉकचा जोरकस, कर्कश प्रकार) वाजवणाऱ्या बँडचे शो मात्र पडदा पडूनच सुरू होतात. ज्या एका क्षणासाठी एवढा प्रवास केला, तो मी सुटे पैसे शोधण्यात घालवला.

त्यानंतर सात-आठ शो पाहिले, त्यातले बहुतेक दुसऱ्याच शहरात. एवढं कळलं की आपल्या गावात चूक झाली तर ती निस्तरता येते. सामान घरी टाकून येता येतं, कपडे बदलता येतात, शेवटची गाडी चुकली तर कुणाला तरी फोन करता येतो. पाहुण्या शहरात यातलं काहीच नसतं. म्हणून जी तयारी तिथले लोक अर्ध्या तासात उरकतात, ती आपल्याला आधीच करून ठेवावी लागते.

१. बँड कोणत्या प्रकारातला आहे ते आधी ओळखा

सगळे नाटकी मेटल बँड सारखे नसतात. (नाटकी म्हटलं की काहींना राग येतो. मी कौतुकानेच म्हणतेय.) तयारीच्या दृष्टीने मी त्यांचे चार प्रकार करते.

पहिला आगीचा. बर्लिनमध्ये १९९४ साली सुरू झालेला रामश्टाइन हा त्यातला राजा. इथे उष्णता खरोखर चेहऱ्याला लागते. दुसरा ओला. अमेरिकेतल्या रिचमंडचा, १९८४ पासून चालत आलेला ग्वार हा बँड राक्षसांच्या अवतारात येतो आणि मंचावर जे कोणी कापले जातात त्यांचं खोटं रक्त पिचकारीने प्रेक्षकांवर उडवतो. तिसरा मुखवट्यांचा, म्हणजे स्वीडनचा घोस्ट किंवा नऊ जणांचा स्लिपनॉट. घोस्टचा गायक कवटीसारखा चेहरा करून धर्मगुरूच्या थाटात येतो आणि वादकांना नावंच नसतात. चौथा भयनाट्याचा. गायक ॲलिस कूपरचं मंचावर गिलोटिनखाली, म्हणजे मान छाटायच्या यंत्राखाली, खोटं खोटं मुंडकं उडतं, गायक किंग डायमंड अख्खी भुताटकीची गोष्ट अल्बमभर सांगतो आणि मंचावर ती उभी करतो.

प्रकार ओळखला की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. आगीच्या बँडला नायलॉनचा झगमगीत पोशाख घालून जाऊ नये. ओल्या बँडला आवडतं जॅकेट नेऊ नये. मुखवट्यांच्या बँडला फोन आत वापरू देतील असं गृहीत धरू नये. भयनाट्याला मागून लांबून बघण्यात गंमत नाही, कारण तिथे चेहरा दिसायला हवा.

२. आधी तारीख, मग प्रवास

दौऱ्याची यादी बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. तिथे एक गोष्ट नीट वाचा: हा त्यांचा स्वतःचा शो आहे, की मोठ्या महोत्सवातली एक पाळी, की दुसऱ्या बँडच्या आधीचा सपोर्ट सेट? नवखी माणसं इथे हमखास फसतात. महोत्सवात बँडला अनेकदा तासभरच मिळतो, नेपथ्य अर्धवट येतं आणि पाळी दुपारची असेल तर लख्ख उन्हात मेणबत्त्या आणि धुराचं काय होणार ते तुम्हीच ठरवा. पूर्ण प्रयोग बघायचा असेल तर त्यांचा स्वतःचा, बंदिस्त हॉलमधला किंवा अंधार पडल्यावरचा शो निवडा.

शहरात आदल्या दिवशी पोहोचा. त्याच दिवशी पोहोचण्याचा मोह होतो, कारण एका रात्रीचं भाडं वाचतं. गाडी तीन तास उशिरा आली की ते वाचलेलं भाडं तिकिटासकट जातं. राहण्याची खोली रद्द करता येईल अशीच घ्या. गायकाचा घसा बसणं आणि शो पुढे ढकलला जाणं या धंद्यात नवं नाही. आयोजक फार तर तिकिटाचे पैसे परत देतात, तुमच्या प्रवासाचे देत नाहीत.

३. तिकीट: फोनवर असणं म्हणजे हातात असणं नव्हे

बँडच्या पानावरून ज्या विक्रेत्याकडे दुवा जातो तिथूनच घ्या. शोधयंत्रात सगळ्यात वर दिसणारा विक्रेता बऱ्याचदा पुनर्विक्री करणारा असतो आणि जागा शिल्लक असतानाही चढ्या भावाने विकत असतो. तिकिटावर नाव छापलेलं असेल तर दारात ओळखपत्राशी ताडून बघू शकतात. अशा वेळी दुसऱ्याच्या नावाचं तिकीट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

मोबाइल तिकिटाचे दोन सापळे आहेत. एक म्हणजे, बऱ्याच ॲपमध्ये तिकिटावरचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉट चालत नाही. दुसरा परदेशी गेलेल्यांनाच कळतो: ॲप नव्याने लॉग-इन मागतं, ओटीपी घरच्या नंबरवर जातो आणि ते सिम रोमिंगविना पाकिटात पडून असतं. मी रांगेत उभी राहून घरी बहिणीला झोपेतून उठवलंय, आणि ते सिम तर माझ्याच पाकिटात आहे हे उठवल्यावर आठवलं. शोच्या दोन दिवस आधी ॲप उघडा, लॉग-इन असल्याची खात्री करा आणि फोनमध्ये तिकीट ठेवायची सोय असेल तर त्यात उतरवून घ्या.

वयाची अटही बघा. काही ठिकाणी स्टँडिंगला, म्हणजे उभ्याने बघायच्या जागेला, वेगळी वयोमर्यादा असते, तर काही ठिकाणी लहानांसोबत पालक लागतो.

४. काय काय जवळ हवं

- तिकीट आणि नाव जुळणारं फोटो ओळखपत्र. परदेशात असाल तर पासपोर्ट, पण मूळ प्रत हवी की छायाप्रत चालेल ते आधी विचारून
- राहण्याच्या जागेचं नाव आणि पत्ता, कागदावर, तिथल्या लिपीत
- इअरप्लग, आणि त्यांची एक जादा जोडी
- एक कार्ड आणि थोडी रोकड, वेगवेगळ्या खिशांत
- साधं काट्याचं घड्याळ (कारण पुढे येतंय)
- दम्याचा पंप किंवा रोजची औषधं, शक्यतो चिठ्ठीसह
- बंद बूट. सँडल घालून येणारा माणूस पुन्हा सँडल घालत नाही

बॅग नेऊच नका, आणि नेलीत तर छोटी. मोठ्या हॉलमध्ये ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग चालत नाही हा नियम बराच रुळलाय. अमेरिकेत अनेक ठिकाणी पारदर्शक पिशवीच लागते. हॉलच्या संकेतस्थळावर हे लिहिलेलं असतं. शोच्या तारखेच्या पानावर पुन्हा बघा, कारण एखाद्या शोसाठी नियम बदलतात.

५. वेशभूषा करायची असेल तर

जरूर करा. घोस्टच्या शोला नन आणि बिशप रांगेत उभे असतात, आणि अनोळखी शहरात ओळख व्हायला तेवढं पुरतं. मात्र टोकदार खिळ्यांचे पट्टे, जाड साखळ्या आणि नकली शस्त्रं तपासणीत अडकतात. अडकलेली वस्तू परत घरी नेऊन ठेवायची सोय तुम्हाला नाही, म्हणजे ती कचऱ्यात जाते. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा दारात काढायला लावतात, आणि दोन तास गर्दीत घातलात तर घामाने काही दिसत नाही, हे वेगळंच.

रंगभूषा जास्त सोयीची. पाण्यात मिसळायचा रंग घामाने तासाभरात ओघळतो. तेलकट रंग टिकतो, पण वर पावडर मारून बसवावा लागतो आणि काढायला तेलच लागतं. काढायचं तेल आणि जुना कपडा सोबत न्या. हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलला पुसलंत तर निघताना त्याचा हिशेब चुकता करावा लागेल.

६. फोन कुलपात जाईल, त्याची तयारी

घोस्टने २०२५ च्या दौऱ्यात फोन बंद ठेवायला लावले. दारात फोन एका कापडी पाकिटात घालतात, पाकिटाला चुंबकी कुलूप लागतं आणि ते पाकीट तुमच्याच हातात देतात. उघडायचं झालं तर ठरवून दिलेल्या जागी जावं लागतं. मला हे फार आवडलं. समोर हजार फोन उंचावलेले नसतात आणि मुखवटेवाला तुमच्याकडेच बघतोय असं वाटतं. पण प्रवाशाचं सगळं जग फोनमध्ये असतं. म्हणून सोबत्याला आत शिरण्याआधीच भेटायची जागा सांगून ठेवा: अमुक दाराबाहेर, अमुक खांबापाशी, शो संपल्यावर वीस मिनिटांनी. 'बाहेर भेटू' हे ठरवणं नव्हे. काट्याचं घड्याळ इथे कामाला येतं, कारण शेवटची गाडी किती वाजता आहे हे आठवून उपयोग नाही, आत्ता किती वाजले तेही कळायला हवं.

७. उभं कुठे राहायचं

सगळ्यात जास्त चूक इथेच होते आणि ती करणारे सगळ्यात उत्साही लोक असतात. चार तास आधी येऊन बॅरिकेडला, म्हणजे मंचासमोरच्या कठड्याला, चिकटतात. साध्या बँडला ते ठीक आहे. नाटकी बँडचा मंच उंच असतो, त्यावर पायऱ्या, चौथरे, कमानी असतात आणि निम्मा खेळ मागे आणि वर चालतो. बॅरिकेडवरून तुम्हाला गायकाचे बूट आणि नाकपुड्या दिसतील. मागे पेटलेलं अख्खं नेपथ्य दिसणार नाही.

माझी आवडती जागा म्हणजे ध्वनिमिश्रणाच्या टेबलाच्या अगदी पुढे, मधोमध. शोचा आवाज तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानांनी जुळवत असतो, म्हणजे तो जे ऐकतो तेच तुम्ही ऐकता. प्रकाशयोजनाही बहुधा तिथूनच चालते, त्यामुळे मंचाचं चित्र तिथून सरळ दिसतं. मागच्या कठड्याला टेकता येतं, हा वयोपरत्वे वाढत जाणारा फायदा. रामश्टाइनच्या स्टेडियममधल्या दौऱ्यांत मैदानाच्या मध्यावर एक छोटा मंच असायचा. तिथून बँडमधले लोक रबरी बोटीत बसून प्रेक्षकांच्या हातांवरून मुख्य मंचाकडे परत जायचे. पुढे चिकटलेल्यांना मान वळवून हे बघावं लागलं. मधे उभे असलेल्यांच्या डोक्यावरून बोट गेली.

भयनाट्याचा प्रकार मात्र अपवाद. तिथे पुढे, पण एका बाजूला उभे राहा. ग्वारला पहिल्या दहा रांगा म्हणजे आंघोळ. नेहमीचे लोक मुद्दाम पांढरा टी-शर्ट घालून येतात आणि डागाळलेला टी-शर्ट आठवण म्हणून जपतात. तुम्हाला ती आठवण हवी असेल तर कोरडे कपडे क्लोकरूममध्ये आणि ओल्यांसाठी प्लास्टिकची पिशवी खिशात ठेवा. हे टाळलंत तर लाल-हिरव्या अवस्थेत परक्या शहराच्या बसमध्ये चढावं लागेल. मी चढलेय. शेजारी कोणी बसत नाही, एवढाच फायदा.

गर्दीच्या मध्यभागी माणसं एकमेकांवर आदळत फिरतात, तो पिट. नवख्याने त्याच्या कडेला न थांबता एक तर आत जावं नाहीतर पाच-सहा रांगा मागे सरकावं. कडेवरच कोपर बसतात. कोणी पडलं तर सगळे थांबून त्याला उचलतात, हा तिथला अलिखित पण कडक नियम आहे. तुम्ही पडलात तर तुम्हालाही उचलतील. गुदमरायला लागलं तर मागे ढकलत जाऊ नका. पुढे असाल तर बॅरिकेडमागच्या सुरक्षारक्षकाला हाताने खूण करा, तो वरून ओढून बाहेर काढतो.

८. वेळ: पडदा पडण्याआधी जागेवर

सपोर्ट बँड संपला की मंच बदलायला बहुधा अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात समोर मोठं कापड चढतं. पहिल्या सुरावर ते एका झटक्यात खाली येतं. याला काबुकी ड्रॉप म्हणतात, जपानी काबुकी रंगभूमीवरून. वरचे सगळे हुक एका इशाऱ्याने एकदम सुटतात आणि ज्या नेपथ्याची उत्सुकता ताणली ते क्षणात उघडं पडतं. संध्याकाळभरात हे एकदाच घडतं. तेव्हा कापड चढताना दिसलं की स्वच्छतागृहाची रांग विसरा.

शो किती चालेल, हे आधी काढता येतं. साधे बँड रोज गाणी बदलतात. आग, प्रकाश आणि यांत्रिक नेपथ्य वापरणाऱ्यांना ते परवडत नाही, कारण ज्वाळा ठरलेल्या गाण्याच्या ठरलेल्या ठोक्यावर बांधलेल्या असतात. म्हणून आदल्या शहरातली सेटलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांची यादी, पाहिली तर तुमच्याकडेही साधारण तीच होईल. मी फक्त गाण्यांची संख्या आणि संपण्याची वेळ बघते, नावं हाताने झाकून. नावं वाचलीत तर कोणत्या क्षणी काय पेटणार हे आधीच कळून बसेल.

९. कान, श्वास आणि दारं

इअरप्लग घालण्यात कमीपणा नाही. मंचावरचे बरेच वादकही कान झाकूनच वाजवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, ती १५ मिनिटांच्या सरासरीवर मोजायची. आता दुसरा आकडा बघा: अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. शो दोन तासांचा असतो. फोमचे स्वस्त प्लग आवाज थोपवतात पण गाणं कोंदट करतात. संगीतासाठीचे वेगळे मिळतात, तेच घ्या आणि सपोर्ट बँडच्या आधीच घाला.

धूर आणि झगझगणारे दिवे यांची सूचना दारावर लावलेली असते. दमा किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर ती सूचना औपचारिक समजू नका. तिकीट घेतानाच हॉलला लिहून विचारा.

आता आगीबद्दल. १९९६ मध्ये बर्लिनमधल्या शोत रामश्टाइनचं जळतं नेपथ्य कोसळलं. त्यानंतर त्यांनी हे काम व्यावसायिक तंत्रज्ञांकडे सोपवलं आणि गायक टिल लिंडेमानने आतषबाजीचा रीतसर परवाना काढला. मोठ्या बँडच्या आगीला म्हणूनच मी घाबरत नाही. भीती वाटते ती छोट्या, ठेंगण्या छताच्या क्लबची. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका क्लबमध्ये मंचावरच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. बहुतेक जण ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले होते. परक्या हॉलमध्ये शिरल्यावर मी पहिलं काम हेच करते: मी आले ते सोडून दुसरं दार कुठे आहे ते बघते. अर्धं मिनिट लागतं.

१०. मर्च, म्हणजे बँडचे टी-शर्ट आणि पोस्टर

शो सुरू होण्याआधी घ्या, नंतर तुमच्या मापाचं उरत नाही. शहराचं नाव आणि तारीख छापलेला पोस्टर मिळाला तर तो गुंडाळून न्यायला कडक नळी मागा, नाहीतर प्रवासात त्याची घडी होते. हॉलबाहेर पदपथावर विकले जाणारे टी-शर्ट नकली असतात, एका धुण्यात विटतात. परदेशी कार्ड नाकारलं जाऊ शकतं, म्हणून ती रोकड.

११. परतीचा रस्ता शोआधी चालून बघा

आदल्या दिवशी पोहोचण्याचा खरा उपयोग हा. दिवसाउजेडी हॉलपर्यंत जा, तुमच्या तिकिटावरचं प्रवेशद्वार कोणत्या अंगाला आहे ते शोधा (मोठ्या हॉलला एक चक्कर मारायलाच बराच वेळ लागतो) आणि शेवटची गाडी किती वाजता, कुठून, ते लिहून घ्या. शो संपताच हजारो लोक एकाच स्टेशनवर लोटतात. टॅक्सीचे भावही त्याच क्षणी चढतात. पंधरा मिनिटं गर्दीबरोबर उजेडाच्या रस्त्याने चालत दूर जाऊन मग टॅक्सी बोलावली तर भाव उतरलेला असतो आणि गाडी तुम्हाला सापडतेही. शेवटच्या गाण्याआधी निघायचा विचार असेल तर सोडून द्या. अशा बँडचा सगळ्यात मोठा खेळ बहुधा शेवटालाच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान घेऊ नका. मी घेतलं होतं. कान वाजत होते, रात्री तीनला अंधुक दिव्यात चेहऱ्यावरचा काळा रंग काढला तो निघाला असंच वाटलं होतं. पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि पर्समधून एक ओला रुमाल काढून काही न बोलता काउंटरवर सरकवला.